मोकळा सिंह आणि कजाग बायको

अमेरिकेत ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत माझी ख्याती एकच होती. ही बाई नवऱ्याला सळो की पळो करून सोडते. कुणाच्या घरी गणपतीची आरती असो, नाहीतर बेसमेंटमध्ये ज्याने त्याने पदार्थ आणायचं पोटलक असो, माझ्या तोंडाचा पट्टा चालू. "अहो, तिकडे कुठे निघालात? इकडे या. पाय उचला, पायरी आहे. ताट सरळ धरा, काकूंच्या साडीवर वरण ओताल. उजवीकडे सरका ना जरा! लक्ष कुठे असतं तुमचं?" बायका एकमेकींकडे बघायच्या. एक काकू तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "अगं, पुरुषासारखा पुरुष तो, चारचौघांत असं बोलू नये." मी म्हटलं, "काकू, तुम्ही एक दिवस सांभाळून बघा ह्यांना." काकू निघून गेल्या आणि माझं नाव आणखी वाईट झालं.

खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. ह्यांना अंधारात दिसत नव्हतं. अंधुक दिसायचं असंही नाही, काहीच दिसत नव्हतं. युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर दिवे मारून तपासलं आणि सांगितलं, की पडद्याचा रोग आहे, जन्माचा, घराण्यातून येतो. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची, मग दिवसाची. उपाय नाही. दिवसा ह्यांना दिसायचं ते पुंगळीतून बघावं तसं, मधलं तेवढं स्वच्छ आणि भोवती काही नाही. मधलंही काही वर्षांत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. किती वर्षांत, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

म्हणजे माझं ते खेकसणं सगळं कामाचं होतं. 'ताट सरळ धरा' म्हणजे समोर माणूस आहे. 'लक्ष कुठे असतं' म्हणजे डावीकडे वळा. आमची भाषाच ठरली होती ती. कार मी चालवायची आणि लोकांना सांगायची, "ह्यांच्या ड्रायव्हिंगवर माझा काडीचा भरवसा नाही." हिवाळ्यात पाचालाच अंधार व्हायचा, तेव्हा मी ह्यांच्या लॅबच्या बसस्टॉपवर जाऊन बर्फात उभी राहायची, आणि लोक म्हणायचे, बघा, नवऱ्यावर पहारा ठेवते. ठेवते तर ठेवते! आईच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या शिव्या मी ह्यांच्यावर वापरल्या. वेंधळे, धांदरट, बावळट. एकच कधी वापरली नाही. 'डोळे फुटले का तुझे?' हे माझ्या आईच्या तोंडी उठताबसता असायचं. ते मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

लपवायचं कशाला, असं आज कुणीही विचारेल. मीही तेव्हा विचारलं होतं, चांगलं भांडून विचारलं होतं. तर ह्यांची धाकटी बहीण लग्नाची होती. नागपूरला तिचे डोळे दोनदा तपासून घेतले, ठणठणीत होते. पण सासूबाईंचा ट्रंककॉल आला, खरखरीतून तेवढं एकच वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "तिचे हात पिवळे होईपर्यंत कुणापाशी ब्र काढू नका." घराण्यात आंधळेपण आहे म्हटल्यावर कोण येणार होतं दारात? मला राग राग आला. पण माझी नणंद गुणाची पोर होती आणि मी तिची वहिनी होते. मी माझं तोंड बंद ठेवलं, म्हणजे त्या एका बाबतीत. बाकी सगळ्या बाबतीत उघडं ठेवलं.

डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी मी ह्यांना विचारलं होतं, "काय बघायचंय तुम्हाला? सांगा. हिमालय? काश्मीर? जाऊ आपण." मला वाटलं होतं, आईला बघायचंय म्हणतील. हे बराच वेळ टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला मोकळा सिंह बघायचाय."

"सिंह?"

"लहानपणी नागपूरला पिंजऱ्यातला बघायचो. म्हातारा होता. तोंड भिंतीकडे करून झोपायचा. बाबा म्हणायचे, हा सिंह नाही, हा पेन्शनर आहे. खरा सिंह मोकळा असतो. मला एकदा मोकळा बघायचाय ग. गेले डोळे की गेले."

हसावं की रडावं ते मला कळेना. पण माणसाने एवढं एकच मागितलं होतं आयुष्यात. मी ठरवलं, सिंह तर सिंह.

आमच्या भारतीय पासपोर्टवर तेव्हा दक्षिण आफ्रिकेला जाता येणार नाही असं छापलेलं असायचं, म्हणून झिम्बाब्वेचं जंगल ठरवलं. आणि इथे माशी शिंकली. ह्यांच्या कॉलेजच्या होस्टेलमधले एक सीनिअर अर्विंगला असायचे, टेक्सासला. त्यांना मी भाऊजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. भाऊजींचा धाकटा भाऊ एमएस करत होता आणि त्याच्यासाठी ह्यांच्या बहिणीचा फोटो गेलेला होता. पसंती येण्यातच होती. वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या, "आम्ही पत्रिकाबित्रिका काही मानत नाही हो. माणसं चांगली हवीत." आम्ही जंगलात चाललोय हे त्यांच्या कानावर गेलं, आणि लगेच फोन. "अगं, आम्हीपण येतो! चौघं झालो की जीप आपलीच. आणि त्या निमित्ताने बोलणीही होतील." नाही कशी म्हणणार? आम्ही मुलीकडचे. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना नाही म्हणायची पद्धत अजून निघायची होती.

ज्यांच्यापासून लपवायचं, तेच दोघे आठवडाभर एका जीपमध्ये! मी ह्यांना म्हटलं, "आपण जाऊच नये." हे म्हणाले, "पुढच्या वर्षी मला किती दिसेल, तू सांगू शकतेस?" झालं. तिकिटं काढली.

आणखी एक गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षात आली नाही. जुलै होता. ॲन आर्बरला जुलैत नऊनंतरही उजेड असतो, ह्यांचे ते सुखाचे दिवस. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा, हे आम्हाला माहीत होतं. स्वेटर घेतले, टोप्या घेतल्या, चिवडा आणि मेथीचे लाडूसुद्धा घेतले. पण हिवाळा म्हणजे लहान दिवस, हे डोक्यातच आलं नाही. पहिल्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य असा पटकन पडला, की मी तंबूच्या दारात उभी राहून बघतच राहिले. हे आत बॅग उघडत होते. आतून आवाज आला, "अगं, दिवा गेला का?"

जंगलातले प्राणी बघायचे ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. गाइडने तसं सांगितलंच होतं. भल्या पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढलं की परत, दुपारी तंबूत आराम, चार वाजता पुन्हा निघायचं ते अंधार पडेपर्यंत. म्हणजे जेव्हा ह्यांना दिसणार तेव्हा हे तंबूत पडून राहणार, आणि सिंह उठणार तेव्हा ह्यांचे डोळे मिटलेले.

दिवसा जे दिसलं ते मात्र ह्यांनी पोटभर बघितलं, ते खोटं कशाला बोलू. पाणवठ्यावर हत्तींचा कळप आला तेव्हा ऊन स्वच्छ होतं. मी सुरू केलं, "अहो, तिकडे काय झाडं बघताय! हत्ती इकडे आहे, त्या पडलेल्या झाडापाशी. आणखी उजवीकडे! काय मेलं लक्ष असतं!" हे वळले, पुंगळीत हत्ती सापडला आणि ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. जिराफ दिसला तेव्हा आधी मान सापडली, मग मानेवरून खाली खाली येत पाय शोधले. माझ्या कानात म्हणाले, "जिराफ हप्त्याहप्त्यानेच बघावा लागतो." मी हसले. वहिनींनी वळून बघितलं. "काय ग, आता ओरडत होतीस ना त्यांच्यावर?"

वहिनींचा माझ्यावर डोळा होता. वाईट नव्हत्या, पण नजर घारीची. रात्रीचं जेवण शेकोटीपाशी असायचं आणि तिथून तंबूपर्यंत मी ह्यांचा हात धरून न्यायची. वहिनी भाऊजींना कोपर मारून म्हणायच्या, "बघा! दिवसभर खेकसते आणि संध्याकाळ झाली की हात सुटत नाही हिचा. नवी नवरी लाजेल!" भाऊजी हसायचे, गळ्यातला कॅमेरा सावरायचे. मीही लाजल्यासारखं करायची. त्या लाजण्याच्या नाटकाने दमले, तेवढी मी आयुष्यात कधी दमले नव्हते.

पहाटेच्या फेरीत एकदा बिबळ्या दिसला झाडावर. भाऊजी, वहिनी, मी, तिघांच्या तोंडून एकदम "आई ग!" निघालं. हेही म्हणाले, "वा!" पण सगळ्यांच्या मागून म्हणाले आणि समोर बघत म्हणाले. बिबळ्या डोक्यावर होता. मी ह्यांची हनुवटी धरून वर करणार होते, हात तसाच मांडीवर दाबून धरला.

मी गाइडला विचारलं, दुपारी नेता येईल का आम्हाला, दोघांनाच. तो म्हणाला, दुपारी पाहुणे आराम करतात, जीपही आराम करते, आणि तुम्हाला दुपारी कशाला जायचंय? त्याला इंग्रजीत सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. पण वहिनी शेजारीच. म्हणाल्या, "अगं, उन्हात कशाला मरायला? डोकं चढेल." मी म्हटलं, "सहजच हो." आणि तंबूत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

शेवटून दुसऱ्या संध्याकाळी सिंह आले. एक नाही, अख्खं कुटुंब. उंच वाळलेल्या गवतातून सिंहिणी आल्या, त्यांच्या पायांत पिल्लं घुटमळत होती, आणि सगळ्यांच्या मागून तो, आयाळवाला, रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखा. सूर्य केव्हाच बुडाला होता. आम्हाला सगळं दिसत होतं, राखाडी उजेडात सोनेरी रंग दिसत होता. भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. वहिनींनी हात जोडले होते.

"अहो, समोर! अगदी समोर! तिकडे नाही हो, खाली, गवतात!" मी कुजबुजत खेकसत होते. "डावीकडे! आणखी! तिथे!" गाइडने मागे वळून बोट ओठांवर ठेवलं. मी गप्प झाले. ह्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, डोळे ताणले. मी ह्यांच्या हातात हात घातला होता, आणि तो हात हळूहळू सैल पडत गेला ते मला कळलं.

"काय रुबाब आहे नाही?" भाऊजी म्हणाले.

"वा," हे म्हणाले. "जबरदस्त." आणि माझ्या कानाशी येऊन, "काही दिसत नाही ग. काहीच नाही."

तंबूत आल्याबरोबर मी म्हटलं, "पुरे झालं. मी आत्ता जाते आणि त्या गाइडला सांगते. वहिनींनाही सांगते. काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि ताईचं लग्न?" हे बहिणीला ताई म्हणायचे, धाकटी असून.

"खड्ड्यात गेलं लग्न! ज्यांना डोळ्यांची अडचण वाटते त्यांच्या घरात पोर द्यायचीच कशाला?"

"तू म्हणू शकतेस. तिला विचारलंयस?"

मी आणखीच ओरडले. इतक्या लांब आलो, जन्मात एकदा, पुन्हा येणं नाही, आणि तुम्ही सिंहाच्या पुढ्यात बसून सिंह बघितला नाहीत! तुम्हाला काही वाटत नाही का? हे कॉटच्या कडेवर बसून होते. म्हणाले, "वाटतं ना. फार वाटतं. पण उद्याची एक फेरी आहे अजून." आणि मग तोंड फिरवून, भिंतीकडे करून झोपले. तंबूच्या कापडाकडे तोंड आणि माझ्याकडे ती पाठ बघून मला तो पेन्शनर आठवला आणि मी किती वेळ रडत होते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या फेरीला, मी सगळ्या देवांना वेठीला धरलं. उजेड असेपर्यंत एक सिंह दाखव. म्हातारा चालेल, लंगडा चालेल. चार वाजले, पाच वाजले. झेब्रे, हरणं, रानडुकरं, सगळं जग आलं, सिंह नाही. सूर्य टेकला आणि गाइडने नेहमीसारखी एका मोकळ्या माळावर जीप थांबवली. सूर्यास्ताला तिथे काहीतरी प्यायचं अशी त्यांची रीत होती. आम्ही दोघी संत्र्याचा रस घ्यायचो. एक वारूळ होतं माणसापेक्षा उंच, त्याच्या अलीकडे दोन झुडपं. गाइडने झुडपांमागे फिरून बघितलं आणि पुरुषांना सांगितलं, जायचं असेल तर इथेच, पुढे नाही. हे गेले. अजून उजेड होता, ह्यांना पुरेल इतका. मी "अहो, पुढे जाऊ नका हं, तिथेच, आणि लवकर या" असं ओरडून ठेवलं होतंच.

तेवढ्यात वहिनींनी माझा दंड धरला. जीपच्या पलीकडे नेलं. त्यांचे डोळे चमकत होते. "तुला आधी सांगते, मग तुझ्या ह्यांना सांगू. मुलगी आम्हाला पसंत आहे. मी काल आमच्या ह्यांच्याशी बोलले. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरूया?"

काय सांगू तुम्हाला, माझं सगळं अंग हलकं झालं. मी वहिनींच्या पाया पडायला वाकले, त्यांनी मला मिठीत घेतलं. म्हणाल्या, "तुमची माणसं इतकी सरळ आहेत ग." तेवढाच वेळ मी ह्यांना विसरले. आणि तेवढ्यात उजेड गेला.

वर बघितलं तर गाइडचा हात हवेत. पंजा उघडा. कुणी हलायचं नाही. भाऊजी पुतळ्यासारखे. मी त्या पंज्यापलीकडे बघितलं. हे झुडपांमागून निघून उलट्या दिशेला चालत गेले होते. ऐकायला माझा आवाज नव्हता ना! वारुळाच्या बाजूला उभे होते, हात किंचित पुढे केलेले, चाचपडत. आणि वारुळाच्या पायथ्याशी, आमच्या दिवाणखान्याच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीइतक्या अंतरावर, तो उठत होता. कालचाच आयाळवाला. आधी पुढचे पाय, मग मागचे. अंग झाडलं नाही, गुरगुरला नाही. नुसता उभा राहून ह्यांच्याकडे बघत राहिला. आणि हे त्याच्याकडे. डोळे सताड उघडे, अगदी नजरेला नजर, आणि ह्यांना काळोखाखेरीज काही दिसत नव्हतं.

गाइडने बंदूक उचलली होती. ओठ न हलवता मला म्हणाला, त्याला सांगा, पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, मागे मागे यायचं. हळू.

मी बोलायला लागले. आणि आवाज आला तो माझा नव्हताच.

"अहो... ऐकताय ना. मी इथे आहे, तुमच्या पाठीमागे. वळू नका हं. तसेच मागे या. एक पाऊल. हं. आणखी एक. काही घाई नाही. छान. या. माझ्याकडे या."

पहिल्या वाक्याला हे गोठल्यासारखे थांबले होते. मग पाय मागे घेतला. एकदा दगडावर टाच अडली, मी म्हटलं, "दगड आहे, त्याच्यावरून. हं, शाबास." लहान बाळाला चालायला शिकवावं तसं मी बोलत होते. सिंहाने शेपटी एकदा आपटली. कुठेतरी कॅमेऱ्याचा चाप वाजला. मग ह्यांची पाठ माझ्या हाताला लागली, मी स्वेटर मुठीत धरला आणि आम्ही सगळे जीपमध्ये कसे चढलो ते मला आठवत नाही.

जीप बरीच लांब गेली तेव्हा ह्यांनी विचारलं, "कोण होतं?"

मी अजून ह्यांचा स्वेटर मुठीत धरून होते.

"अगं, कोण होतं तिथे?"

"सिंह," मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "किती लांब होता?"

वहिनी पुढच्या सीटवरून वळल्या. "भाऊजी... तुम्ही तर त्याच्याकडेच बघत होता. तुम्हाला दिसला नाही?"

मी तोंड उघडलं होतं, काहीतरी रचून सांगायला. ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाही वहिनी," हे म्हणाले. "उजेड गेला की मला दिसत नाही. काही वर्षांनी उजेडातही दिसणार नाही. सिंह बघायलाच आलो होतो मी." आणि मग, "कसा होता हो?"

वहिनींना रडू फुटलं. भाऊजींनी सुरुवात केली, आयाळ अशी होती, काळपट, इथपर्यंत, आणि मध्येच त्यांचाही आवाज गेला. गाइडला इंग्रजीत सगळं सांगितलं तर तो स्टिअरिंगवर हात मारून म्हणाला, पहिल्या दिवशी का नाही बोललात? भर दुपारी झाडाखाली लोळत असतात ते, रोज नेलं असतं.

त्या संध्याकाळी शेकोटीपासून तंबूपर्यंत ह्यांचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसरा वहिनींच्या. मला वाटलं, बघ, उगाच भीत होतो आपण.

दुसऱ्या दिवशी विमानाआधी ऊन चढेपर्यंत गाइडने आम्हाला फिरवलं. सिंह नाही. वारुळापाशी मात्र धुळीत पावलांचे ठसे होते, स्वच्छ उन्हात. हे गुडघ्यावर बसले. एका ठशात आपला पंजा ठेवला, बोटं पसरली, तरी ठसा बाजूने उरला. बराच वेळ बसून होते. मी घाई केली नाही.

सप्टेंबरात अर्विंगहून फोन आला. वहिनीच होत्या. आधी हवापाणी झालं, मग म्हणाल्या, "अगं, ते नागपूरहून पत्रिका मागवल्या होत्या ना आमच्या सासूबाईंनी... जमत नाहीत ग. एकनाड आहे म्हणे." मी म्हटलं, "हो का." "तू मनाला लावून घेऊ नकोस हं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खराच कापरा होता, ते मी नाकारत नाही. मी म्हटलं, "नाही हो, पत्रिका म्हटल्यावर काय बोलणार." फोन ठेवला आणि हातातलं भांडं भिंतीवर फेकलं.

मग ह्यांच्या डोळ्यांची बातमी ॲन आर्बरपर्यंत यायला कितीसा वेळ? सगळ्यांना कळलं. ज्या काकूंनी मला उपदेश केला होता त्या घरी आल्या, माझे हात धरून म्हणाल्या, "अगं, आम्हाला काय ठाऊक!" आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तर खेकसायचंही कारण उरलं नाही. पार्टीत मी सरळ ह्यांचा हात धरायची. "या हं, पायरी आहे. सावकाश." सगळे वाट करून द्यायचे. सगळे कसे हळू बोलायचे! घरीसुद्धा मी आवाज चढवेनाशी झाले. कुणावर ओरडायचं? ताईचं मोडलं होतं, आणि हे दिवसेंदिवस कमी बोलत होते. संध्याकाळी दिवा लावून आम्ही दोघं बसायचो आणि घरात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

ऑक्टोबरात टपालाने एक छोटं पाकीट आलं. अर्विंगहून. आत पत्र नव्हतं, एकच स्लाइड होती. मी ती खिडकीकडे धरली आणि खुर्चीत बसले.

शेजाऱ्यांचा प्रोजेक्टर आणून बेसमेंटमध्ये लावला. भिंतीवर चित्र पडलं. पाठमोरे हे, निळा स्वेटर, हात किंचित पुढे. आणि त्यांच्या पलीकडे तो, तोंड समोर करून. थोडं हललेलं होतं, पण बल्बच्या उजेडात सगळं लख्ख.

हे भिंतीपाशी गेले. नाक लावून बघायला लागले. "हा कान," म्हणाले. "ही आयाळ ना? केवढी आहे ग." जवळून पुंगळीत तुकडेच येत होते. मग हळूहळू मागे सरकत गेले. एक पाऊल, आणखी एक. मागे कपडे धुवायचं मशीन होतं, त्याला पाठ टेकली तेव्हा थांबले. "हं," म्हणाले. "आला. अख्खा आला."

हे बघत होते, डोळ्यांची पापणी न लववता. पाणी गालावर आलं तरी पुसलं नाही, पुसताना चित्र सुटलं असतं म्हणून.

"मोकळा आहे," हे म्हणाले. "भिंतीकडे तोंड नाही त्याचं."

"नाही."

"तुला माहितीये, मला तेव्हाच कळलं होतं. काय आहे ते दिसलं नाही, पण काहीतरी भयंकर आहे ते कळलं."

"कसं?"

"तू ओरडली नाहीस. लग्न झाल्यापासून तू मला कधी 'छान, शाबास' म्हणाली नव्हतीस. ते ऐकलं तेव्हाच म्हटलं, संपलं." हे भिंतीकडे बघतच म्हणाले. "आणि तेव्हापासून तू तशीच बोलतेस ग. रोज. 'या हं, सावकाश, पायरी आहे.' तू अशी गोड बोललीस की मला वाटतं, तो अजून समोर उभाय."

मी प्रोजेक्टर बंद केला. बेसमेंटमध्ये काळोख झाला, माझ्यासाठीसुद्धा. हे जिन्याकडे निघाल्याचं चाहुलीवरून कळलं, पण जिना डावीकडे होता आणि हे सरळ चालले होते, टूलबॉक्सच्या दिशेने. माझ्या तोंडावर आलं होतं, 'सावकाश हं.'

"अहो! कुठे तडमडताय तिकडे? डोळे फुटले का तुमचे? जिना डावीकडे आहे!"

जे कधी बोलले नव्हते तेच निघालं होतं तोंडून. काळोखात ह्यांची पावलं थांबली. मग हे हसायला लागले. केवढ्यांदा हसले! हसता हसता डावीकडे वळले, कठडा सापडला, आणि एकेक पायरी मोजल्यासारखं पाय आपटत वर जायला लागले.

"थांबू नकोस," वरून म्हणाले. "बोलत राहा."